साथीचे रोग आणि माणसाचे मन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पडाव, ग्वाल्हेर येथे दिलेले भाषण)



आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मला येथे बोलावण्यात आले याबद्दल मी आपली आभारी आहे. चिटणीसांनी सौजन्याने दोन-तीन विषयही सुचविले होते. ‘शिक्षण आणि संस्कार’ हा त्यांपैकी एक. शाळेत शिकविणारी बाई म्हटली की तिला हा विषय द्यावयाचा ही आपल्याकडची जुनी रीतच आहे, आणि तीत वाईट असे काही नाही. तरीही मी आज वेगळाच विषय घेतला आहे. महोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा हा प्रश्न सध्या आपल्या समितीपुढे आहे. रुग्णवाहिका घ्यावी, ऑक्सिजनची यंत्रे घेऊन ठेवावीत, अशा सूचना आल्या आहेत. २०२१ चा एप्रिल महिना ज्यांनी या शहरात काढला त्यांना या सूचनांचे मोल सांगावयास नको. मीही त्यांच्याविरुद्ध बोलणार नाही. परंतु त्या यादीत एक जागा रिकामी आहे असे मला वाटते, आणि त्या रिकाम्या जागेबद्दल बोलावे म्हणून मी उभी आहे.

मी डॉक्टर नव्हे. बी. एड. च्या अभ्यासक्रमात शैक्षणिक मानसशास्त्राचा जो भाग होता तेवढीच माझी शास्त्रीय शिदोरी. वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त मिरजेहून इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यामुळे घरात मराठी, शेजारात हिंदी आणि नमाजाला अरबी अशा तीन भाषांत मी वाढले. साथीच्या काळात या तिन्ही भाषांचा मला उपयोग झाला. तो कसा ते सांगते.

दुसऱ्या लाटेत आम्हां शिक्षकांना जी कामे नेमून दिली होती त्यांत घरीच विलगीकरणात असलेल्या रुग्णांना रोज फोन करण्याचे एक काम होते. समोर छापील तक्ता असे. ताप किती, खोकला आहे काय, ऑक्सिजनची पातळी किती, औषधे पोहोचली काय. एकेका घराला दोन-तीन मिनिटे पुरावीत असा हिशेब होता. प्रत्यक्षात काय होई? आकडे अर्ध्या मिनिटात सांगून होत. नंतर पलीकडचा माणूस फोन ठेवीत नसे. एक वृद्ध गृहस्थ रोज विचारीत, “बाई, उद्या तुम्हीच फोन करणार ना?” एका घरातली सून म्हणाली, “ताप उतरला, पण सासूबाई माझ्या हातचे पाणी घेत नाहीत. साथ मीच घरात आणली म्हणतात.” एका तरुणाने मला तीन दिवस सगळे ठीक असल्याचे सांगितले, आणि चौथ्या दिवशी सांगितले की रात्री झोपलो तर श्वास थांबेल या भीतीने तो तीन रात्री भिंतीला टेकून बसून होता. त्याची ऑक्सिजनची पातळी अठ्ठ्याण्णव होती! तक्त्याच्या दृष्टीने तो उत्तम होता. भीतीसाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता.

हा दोष तक्ता करणाऱ्याचा आहे असे मी म्हणत नाही. प्राण वाचविण्याच्या घाईत मनाचा विचार मागे पडतो, हे काही पहिल्यांदा घडलेले नाही. किंबहुना आपल्या महाराष्ट्रीय समाजाजवळ या गोष्टीचा जितका जुना आणि जितका महागात पडलेला अनुभव आहे तितका हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाजवळ क्वचितच असेल. मी १८९६-९७ च्या प्लेगविषयी बोलते आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिला रोगी ओळखला. ऑक्टोबरच्या आरंभी रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम निघाला. आता त्या काळचा माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याच्या लेखी इस्पितळ म्हणजे बरे होण्याची जागा नव्हतीच. निराधारांनी मरावयास जाण्याची जागा होती. तेथे पाणी कोणाच्या हातचे मिळेल, अन्न कोण शिजवील, बायकोला कोण पाहील, मेल्यावर प्रेताचे काय होईल, यांपैकी कशाचेही उत्तर त्याला ठाऊक नव्हते. मग कंड्या उठल्या. त्याच सुमारास कोणी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले होते. तेव्हा राणी रागावली आहे आणि तिला माणसांची काळजे पाठवावयाची आहेत, म्हणून रोगी धरून नेतात, असे लोक बोलू लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. पुढील काही महिन्यांत मुंबईची निम्म्याच्या जवळपास वस्ती शहर सोडून पळाली. हेच आर्थर रोडचे इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते, आणि २०२० च्या मार्चमध्ये मुंबईतील करोनाचे पहिले रोगी तेथेच नेण्यात आले.

पुण्यात काय घडले ते आपण सर्व जण शाळेत शिकलो आहोत. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँडसाहेबाची नेमणूक झाली, मार्चच्या मध्यापासून गोरे सोल्जर घरोघर शिरू लागले. देवघरे तुडविली गेली, बायकांची तपासणी चारचौघांत झाली, धडधाकट माणसे छावणीत नेऊन ठेवली गेली. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. हा इतिहास आपण राजकारणाचा म्हणून वाचतो, आणि तसा तो आहेच. पण एक शिक्षिका म्हणून मला त्यात दुसरेही काही दिसते. त्या काळच्या तक्रारी वाचाव्यात तर त्यांत मरणाविषयी फार थोडे आहे. जे आहे ते सारे अपमानाविषयी, ताटातुटीविषयी आणि परक्यांच्या हाती पडण्याविषयी. खुद्द पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातील कारभाराविरुद्ध वृत्तपत्रात लिहिले. त्या काही सनातनी नव्हत्या, औषधपाण्याला त्यांचा विरोधही नव्हता.

याच्या उलट बाजूचे उदाहरण त्याच शहरात, त्याच महिन्यात घडत होते. सोल्जरांच्या झडत्या सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले वारल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी आणीत. मुंढव्याच्या गायकवाडांच्या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले आणि त्यातच त्यांना लागण झाली. मी शिक्षिका असल्यामुळे हे नाव माझ्या तोंडी जरा जास्तच येते, ते आपण मनावर घेऊ नये. पण रोग्याला न्यावयाचे ते उचलूनच. तेव्हा सोल्जराने धरून नेणे आणि सावित्रीबाईंनी पाठीवर घेणे यांत रोग्याच्या शरीराला फारसा फरक नसेल. मनाला मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता.

आणि आता आपल्यासारख्या न्यासांना अभिमान वाटावा अशी गोष्ट. मुंबई-पुण्याकडे निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग-इस्पितळे काढली. पुण्यात टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदूंसाठी इस्पितळ उघडले. मुसलमानांनी, पारशांनी आपापली सोय केली. आज आपल्याला जातवार इस्पितळ हा शब्द खटकेल, आणि खटकलाच पाहिजे. पण त्यांनी एक गोष्ट साधली: ज्या रोग्याला सरकारी इस्पितळाच्या नावाने कापरे भरे तो येथे आपल्या पायांनी येई. औषध काही वेगळे नव्हते. स्वयंपाक ओळखीचा होता, भाषा ओळखीची होती, आणि नातेवाइकाला उशाशी बसू देत. हाफकिन साहेबांच्या लसीचेही तसेच. त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरी लोक बिचकत. तेव्हा तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांदेखत लस टोचून घेतली, आणि शास्त्रज्ञाच्या शब्दाने जे झाले नव्हते ते आपल्या माणसाच्या उघड्या दंडाने झाले.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाविषयी मी थोडक्यातच बोलते, कारण त्याच्याविषयी मुळात लोक फार थोडे बोलले. या देशात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९२१ च्या शिरगणतीत आधीच्या दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटल्याचे दिसले. हिंदीतले थोर कवी निराला यांची पत्नी आणि घरची कितीतरी माणसे त्यात गेली, आणि गंगा प्रेतांनी भरून वाहत असल्याचे त्यांनी पुढे लिहून ठेवले. पण सर्वसाधारण घरांतून या साथीच्या आठवणी सांगितल्या गेल्याच नाहीत. आपल्यापैकी कितीजणांच्या पणजोबा-पणजीचे मरण त्या वर्षीचे असेल, आणि घरात त्याचा उच्चारही नसेल! जे बोलले जात नाही ते विसरले जाते असे नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ.

१ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल या वस्तीत आरोग्य पथकावर दगडफेक झाली. वस्ती मुसलमानांची. मी मुसलमान असल्यामुळे हे मला सांगितलेच पाहिजे, कारण मी वगळले तर आपण ते सभ्यतेपोटी बोलणार नाही आणि मनात ठेवाल. त्या पथकात दोन महिला डॉक्टर होत्या. एक आडनावावरून महाराष्ट्रीय, दुसरी मुसलमान. दोघींना लागले. दोघी दुसऱ्याच दिवशी त्याच भागात कामाला हजर झाल्या. पुढे इंदूरच्या मुसलमानांनी वृत्तपत्रात जाहिरात देऊन या कृत्याची माफी मागितली. दगड मारणाऱ्यांचे समर्थन कोणी करू नये, मी तर नाहीच. पण ती वस्ती का भडकली याचा शोध घ्याल तर आर्थर रोडचे १८९६ सालच आपल्याला पुन्हा भेटेल: धरून नेतात, परत आणीत नाहीत, आत काय करतात कोणास ठाऊक. मध्ये एकशे चोवीस वर्षे गेली होती. आणि त्याच एप्रिलच्या २२ तारखेला आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षा देण्यासाठी सरकारने जो अध्यादेश काढला, तो कोणत्या कायद्यात दुरुस्ती करणारा होता? त्याच १८९७ च्या.

त्या दिवसांत एका धर्माच्या लोकांच्या माथी साथ मारण्याचाही प्रकार झाला. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी मंडळींपैकी परदेशी नागरिकांवरील खटले रद्द केले, आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निकालात म्हटले. मला याची उजळणी करावयाची नाही. पण मनावरील परिणामांचा विषय आहे म्हणून एवढेच सांगते की, त्या काळात ताप आलेली माणसे ताप लपवीत होती. औषधाच्या दुकानात तापाची गोळी मागताना लोक शेजाऱ्याचे नाव सांगत. ज्याला रोगाबरोबर दोषही चिकटतो तो रोगी डॉक्टरकडे जात नाही, लपतो. आणि हे हिंदू-मुसलमान सर्वांच्या बाबतीत सारखेच खरे ठरले. आपल्याच गल्लीत ज्या घरावर विलगीकरणाची पाटी लागली त्या घराच्या दुधाचे रतीब बंद झाल्याचे आपण पाहिले आहे.

रोग्यांच्या मनाचे काय झाले, याचा काही हिशेब आता उपलब्ध आहे. ‘लॅन्सेट’च्या मानसोपचारविषयक नियतकालिकात २०२१ साली सुमारे २ लाख ३६ हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; रुग्ण मुख्यत्वे अमेरिकेतील होते. त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना सहा महिन्यांच्या आत मेंदूचा किंवा मनाचा कोणता तरी विकार असल्याचे निदान झाले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की साथीच्या पहिल्या वर्षी चिंता व खिन्नता या विकारांत जगभर २५ टक्क्यांनी वाढ झाली. आकडे परदेशचे आहेत म्हणून ते दूरचे मानू नयेत. अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाला दिवस कोणता, रात्र कोणती ते कळत नाही. यंत्रांचे आवाज अखंड चालू असतात. भोवती वावरणाऱ्यांचे चेहरे झाकलेले. पुष्कळांना भ्रम होतो, भास होतात. बरे होऊन घरी आल्यावरही ते भास स्वप्नांत येतात. घरचे म्हणतात, “देवाच्या कृपेने वाचलात, आता कशाला आठवता?” त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्या वाक्याने माणसाचे तोंड बंद होते. काही ठिकाणी परिचारिकांनी अंगावरच्या झग्यावर आपला हसरा फोटो आणि नाव लावावयास सुरुवात केली. एका कागदाच्या तुकड्याने रोग्याला पुष्कळ धीर आला.

कुटुंबीयांविषयी बोलताना मला थोडे थांबावे लागते. साथीने घेतलेल्या माणसांपेक्षा तिने ज्या तऱ्हेने माणसे घेतली, ती तऱ्हा मागे राहिलेल्यांना अधिक छळते. आमच्याकडे मयतीला आंघोळ घालतात, तिला गुस्ल म्हणतात. बाईचे गुस्ल बायकाच करतात. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार वयस्कर बायका असतात, त्यांना हे काम येते आणि त्या बिनबोलावता येतात. घरच्या मुली-सुना पाणी ओतून देतात, कापूर आणून देतात, आणि त्या ओतण्या-आणण्यातच त्यांचे रडे वाट काढते. साथीच्या काळात आंघोळ घालण्याला मनाई झाली, आणि ती आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होती. त्या वयस्कर बायकांपैकी एक आपा मला म्हणाल्या, “जन्मभर लोकांच्या मुलींना मी आंघोळ घातली, माझ्या बहिणीला मात्र कोणीच घातली नाही.” आपल्याकडेही तेच. तोंडात गंगाजल नाही, खांदा नाही, दहावे-तेरावे फोनवर. अस्थींची मडकी स्मशानांतून नावाच्या चिठ्ठ्या लावून कपाटांत राहिली.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदविते, कारण ती फार थोड्यांना ठाऊक होती. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने मार्च २०२० मध्ये प्रेतांच्या व्यवस्थेविषयी ज्या सूचना काढल्या त्यांत आंघोळ, चुंबन, आलिंगन यांना मनाई होती. पण पिशवीचे तोंड उघडून नातेवाइकांना चेहरा पाहू देण्यास परवानगी होती. स्पर्श न करता धर्मग्रंथ वाचण्यास, पवित्र पाणी शिंपडण्यास परवानगी होती. म्हणजे जे शेवटचे दर्शन हजारोंना मिळाले नाही ते नियमाने हिरावलेले नव्हते. भीतीने हिरावले, घाईने हिरावले. आणि ‘आम्हांला चेहरा तरी पाहू द्या’ असे म्हणावयास रोग्याच्या बाजूने कोणी जाणते माणूस तेथे उभे नव्हते. मुंबईत तर ३० मार्च २०२० रोजी, धर्म कोणताही असो, सर्व प्रेते जाळावीत असा महापालिकेचा हुकूम निघाला आणि त्याच दिवशी तो बदलण्यात आला. ते काही तास मुंबईच्या मुसलमान घरांतून कसे गेले असतील याची कल्पना मी आपल्यावर सोडते. पण हेही सांगितले पाहिजे की, त्याच मुंबईत मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानाशी संबंधित स्वयंसेवकांनी, ज्यांचे नातेवाईक येऊ शकले नाहीत अशा हिंदूंच्या प्रेतांनाही स्मशानात नेऊन अग्नी देवविला.

शोक हा आजार नव्हे. तो योग्य वाटेने वाहिला तर माणूस त्यातून बाहेर येतो. पण सहा महिन्यांहून अधिक काळ तो तितकाच तीव्र राहिला, माणूस खाणे-पिणे, काम-धंदा यांत परतलाच नाही, तर त्याला आता वैद्यकशास्त्र स्वतंत्र विकार मानते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, त्याची नोंद आहे. जुन्या लोकांनी दहावे, तेरावे, चाळिसावे, वर्षश्राद्ध, विधवेची इद्दत असे टप्पे घालून दिले होते. त्यांतील काही चालींनी बायकांवर अन्यायही केला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने साथीत विधवा झालेल्या तरुण मुली पाहून मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला, त्याचे मी मनापासून स्वागत करते. पण माणसे येऊन बसतात, गेलेल्याचे नाव घेतात, ही चाल मोडण्याचे कारण नाही. साथीने नेमकी तीच मोडली.

माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील मे २०२१ मध्ये गेले. शाळा उघडल्यावर तो आला तेव्हा पूर्वीपेक्षाही शहाण्यासारखा वागू लागला. गृहपाठ वेळेवर, दंगा नाही, तक्रार नाही. सर्व शिक्षकांनी त्याचे कौतुक केले. मला मात्र बारा वर्षांच्या मुलाचे हे शहाणपण पाहून धास्ती वाटली. पुढे एकदा निबंधाला ‘माझे घर’ हा विषय दिला असता त्याने घरातल्या वस्तूंची यादी लिहिली. माणूस एकही नाही. आई-वडील दोघेही गेलेल्या मुलांसाठी मध्यप्रदेश सरकारने महिना पाच हजार रुपयांची योजना काढली, केंद्रानेही काढली, हे चांगलेच झाले. पण ज्याचा एकच पालक गेला तो या योजनांत बसत नव्हता, आणि अशीच मुले अधिक होती. महाराष्ट्रात हेरंब कुलकर्णी या शिक्षकाने एकल महिलांच्या पुनर्वसनासाठी समिती उभी करून गावोगावच्या कार्यकर्त्यांना जोडले. शिक्षकाच्या जातीला थोडा मान मिळवून देणारे हे काम आहे, म्हणून सांगितले.

राहता राहिले आरोग्यसेवक. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सर्वांनी थाळ्या वाजविल्या. त्याच आठवड्यात दिल्लीत डॉक्टर-परिचारिकांना घरमालक घराबाहेर काढू लागल्यामुळे गृहखात्याला पोलिसांना ताकीद द्यावी लागली. त्या पोशाखात सहा-सहा, आठ-आठ तास पाणी पिता येत नसे, लघवीला जाता येत नसे. पाळी आलेल्या परिचारिकेचे काय होत असेल ते बायकांना सांगावयास नको. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मोजणीप्रमाणे एकट्या दुसऱ्या लाटेत सातशेंहून अधिक डॉक्टर मृत्यू पावले. पण थकव्यापेक्षा आणि भीतीपेक्षाही वाईट असा एक घाव त्यांच्या मनावर बसला. खाट एक आणि रोगी चार, तेव्हा कोणाला घ्यावयाचे? ही निवड ज्याने केली त्याने गुन्हा काहीच केला नाही, पण त्याचे मन त्याला गुन्हेगार ठरवते. मानसशास्त्रज्ञ याला नैतिक जखम म्हणतात. आपल्या ओळखीच्या एका तरुण डॉक्टरांनी मला सांगितले, “ज्यांना वाचवले त्यांची नावे आठवत नाहीत. परत पाठवलेल्या गाडीचा नंबर आठवतो.” आशा कार्यकर्त्यांना तर महिना हजार रुपये जादा मिळत, आणि त्यांनी दारोदार जाऊन शिव्याही खाल्ल्या. पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गल्लीत मात्र त्यांना आजही कोणी विचारीत नाही, “बाई, तुमची झोप कशी आहे?”

आता न्यासासमोरील मागणी.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तेव्हा ‘झाले ते झाले’ असे काही विश्वस्तांचे म्हणणे मी ऐकले आहे. त्यांचा मुद्दा असा की, न्यासाचा पैसा मोजता येईल अशा कामावर खर्च व्हावा: यंत्र घेतले तर ते दिसते, किती जणांना लागले ते लिहिता येते, मनाच्या कामाचा हिशेब कसा ठेवणार? हिशेब ठेवणे हा विश्वस्तांचा धर्म आहे, म्हणून हा आक्षेप मी हलका समजत नाही. पण औषधोपचाराच्या मदतीचा जो पोटनियम आपल्याकडे आहे त्यात शस्त्रक्रिया, तपासण्या, औषधे आणि प्रवासखर्च आहे; मानसोपचार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनाही शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजाराला विमा देण्याचे बंधन घातले. जे नफा पाहणाऱ्या कंपनीला बंधनकारक आहे ते धर्मादाय संस्थेने आपण होऊन करू नये काय? त्या पोटनियमात दोन शब्द वाढवावे लागतील. त्याचा हिशेब पावत्यांवरच राहील.

यासाठी नवी इमारत नको. आपल्या शहरात मानसिक आरोग्यशाळा आहे, जयारोग्य रुग्णालय आहे. मानसिक आरोग्यशाळेच्या नावाने लोक अजून दचकतात, अगदी १८९६ मध्ये इस्पितळाच्या नावाने दचकत तसे. म्हणून तेथे रोग्याबरोबर जाणारे, नोंदणीच्या रांगेत उभे राहणारे आपल्या ओळखीचे माणूस हवे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालू आहे. तो क्रमांक आपल्या कार्यालयाच्या फलकावर, वधू-वर सूचीच्या शेजारी, लिहून ठेवता येईल. वधू-वर सूची सगळे वाचतात, म्हणून जागा तीच सुचविली.

साथ पुन्हा येईल तेव्हा (येईल असेच तज्ज्ञ सांगतात) दहा-बारा माणसे तयार असावीत. त्यांनी रोज फोन करावा आणि आकडे विचारून झाल्यावर फोन लगेच ठेवू नये. इस्पितळाच्या दारात कुटुंबाच्या वतीने उभे राहून, नियमांत काय बसते ते शांतपणे सांगावे. निवृत्त शिक्षक, निवृत्त परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी आपल्यात भरपूर आहेत. आमच्या मोहल्ल्यातील चार बायकांनी नावे दिली आहेत. मराठी त्यांना बेताचीच येते, पण गप्प बसून ऐकणे उत्तम येते.

आणखी एक विनंती स्मरणिकेच्या संपादक मंडळाला आहे. २०२० आणि २०२१ मध्ये न्यासाची जी सभासद मंडळी आणि त्यांच्या घरची माणसे गेली, रोग कोणताही असो, त्यांच्यासाठी आपण शोकसभा घेऊ शकलो नव्हतो. जाहिरातींची पाने ठरली आहेत याची मला कल्पना आहे. तरीही दोन पाने त्या नावांना द्यावीत, आणि स्मरणिका प्रकाशित होईल त्या दिवशी सकाळी ती नावे या सभागृहात वाचली जावीत. नावे गोळा करण्याचे काम मी आणि माझ्या दोन सहकारी शिक्षिका करू. यादी आजपासून दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना आपापल्या घरचे नाव, जन्मगाव आणि गेल्याची तारीख लिहावी. तारीख आठवत नसेल तर महिना पुरे. पोटनियमाच्या दुरुस्तीचा मसुदा मी चिटणीसांकडे दिला आहे, तो वार्षिक सभेपुढे येईल.